डोहातलं खावं, डोह खाऊ नये

भुकेला पाप नसतं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची. म्हणणं खरं आहे, पण अर्धं. पोटात आग पडली असताना माणसानं जे केलं त्याला लगेच पापी म्हणू नये, एवढं मला पटतं. पण भूक लागली म्हणजे वाटेल ते करायची मोकळीक मिळाली, हे काही मला पटत नाही. या दोहोंच्या मधली वाट बांधावरच्या पायवाटेसारखी अरुंद आहे. दोन्ही बाजूंनी घसरायला होतं.

हल्ली टीव्हीवर रानात एकट्यानं जगून दाखवणाऱ्या माणसांचे कार्यक्रम लागतात. तो माणूस काठीला टोक काढतो, पाण्यात उभा राहतो, मासा धरतो, भाजून खातो आणि गोष्ट संपते. मासा कसा धरायचा हे त्यात छान दाखवतात. पण किती धरायचे, कुठला सोडायचा, आणि आपल्या पाठीमागं त्या पाण्यावर कोण येणार आहे, हे कुणी सांगत नाही. तो तिथं चार दिवसांचा पाहुणा असतो, म्हणून त्याला हे प्रश्न पडत नसतील. आम्हाला ते पडले होते. म्हणून हे लिहायला बसलो.

1972 साली पाऊस गेला. आधीची दोन वर्षंही धड नव्हती, त्यामुळं घरात साठवण अशी उरलीच नव्हती. आमचं गाव पुरंदरच्या कोरड्या पट्ट्यातलं. विहिरींनी तळ दाखवला. सरकारनं दुष्काळी कामं काढली, माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला गेली. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी. तिची भाकरी धड थापता यायची नाही, पण तिच्यावर माणसं तगली. गुरांचं मात्र अवघड झालं. बैल मेला तर पुढच्या वर्षी पाऊस पडूनही उपयोग काय? म्हणून 1973 च्या उन्हाळ्यात आमचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, दोन बैल आणि एक गाय घेऊन भोरच्या वरच्या अंगाला, नीरेच्या खोऱ्यात डोंगरात गेले. बरोबर मी होतो. वय तेरा.

तिथं वेगवेगळ्या गावांची आठ-दहा बिऱ्हाडं गुरं घेऊन उतरलेली होती. नदीची धार तुटली होती, पण कातळात एक डोह राहिला होता. गुरं त्याचंच पाणी प्यायची, माणसं काठावर झिरा खणून प्यायची. दर पंधरवड्याला गावाकडून पीठ-मीठ यायचं. एका पंधरवड्याला ते आलंच नाही. जवळचं पीठ चार दिवसांत संपलं. करवंदं आणि उंबरं किती खाणार? मग सगळ्यांचे डोळे डोहाकडं वळले.

तात्यांना शेतीतलं सगळं कळायचं, पण माशातलं काही कळत नव्हतं. डोहाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची चार-पाच खोपटं होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला शिकवलं. त्याला सगळे बाबा म्हणायचे. त्याची पहिली शिकवण अशी होती, की भुकेल्यानं माशामागं पळू नये. पळण्यात जेवढी ताकद जाते तेवढी त्या माशात नसते. मासा आपल्याकडं येईल असं करावं आणि सावलीला बसून राहावं. त्यानं उथळ जागी दगडांच्या दोन भिंती घालून घेतल्या, डोहाकडं तोंड रुंद आणि मागं निमुळतं. निमुळत्या टोकाला बांबूच्या कामट्यांची खोईन बसवली. रात्री मासे उथळात चरायला येतात, पहाटे पाणी थोडं हलवलं की निमुळत्याकडं पळतात. गळाला गांडूळ लावायचं म्हटलं तर त्या दुष्काळात माती वीट झालेली, गांडूळ मिळणार कुठून? मग नाकतोडे लावायचे.

दुसरी शिकवण मरळीची. डोह आटत आला की बाकीचे मासे आधी मरतात. मरळ मरत नाही, कारण ती वर येऊन तोंडानं हवा घेते. पाणी सरलं तरी ओल्या गाळात तग धरून राहते. गाळाला बुडबुडा दिसला की बूड नसलेली टोपली वरून दाबायची आणि आत हात घालून मरळ धरायची. मला तेव्हाही वाटायचं, की ही आपल्यासारखीच आहे. पावसाची वाट बघत चिखलात श्वास धरून बसलीय.

तिसरी गोष्ट त्यानं शिकवली ती तेव्हा नीट उमगली नव्हती. तो म्हणाला, "पाणी प्यायला नसंल तर मासा खाऊ नका. आन् खाल तेवढाच धरा, उद्याचा आज धरू नका." पहिल्या निम्म्याचं कारण सरळ आहे, असलं खाणं पचवायला शरीराला पाणी जास्त लागतं, तहानलेला माणूस ते खाऊन आणखी सुकतो. दुसऱ्या निम्म्याचं कारणही व्यवहाराचंच होतं. उन्हाळ्यात सकाळी मारलेला मासा दुपारी वास मारतो. धान्याची कणगी भरून ठेवता येते, तशी माशाची येत नाही. वाळवायचा, धुरी द्यायची तर मीठ आणि सरपण पाहिजे. त्यामुळं उद्याचा मासा ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे डोहच. तो तिथं जिवंत राहतो, ताजा राहतो, वर वाढतो. डोह हीच त्या माणसांची कणगी होती. आम्हा शेतकऱ्यांना कणगी कळते, पण पाण्यातली कणगी डोळ्यांना दिसत नाही.

तळावर एक माळकरी होते. वारी न चुकवणारे. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं मासा-मटण वर्ज्य. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन नातू होते, एक आठ वर्षांचा आणि एक सहा. आता हे काय करणार, याकडं सगळ्या तळाचं लक्ष होतं. काही जण म्हणायचे, आपत्काळात माळ काढून ठेवली तर पांडुरंग रागावणार नाही. त्यांनी माळ काढली नाही. पण पहाटे उठून ते खोईन काढायला आमच्याबरोबर पाण्यात उतरायचे. मासे स्वतः चिरायचे, नातवांना भाजून द्यायचे आणि आपण उंबरं खाऊन, वर पाणी पिऊन पडून राहायचे. तात्यांनी एकदा विचारलं, "अण्णा, हाताला मासा चालतो, मग तोंडाला का न्हाय?" ते म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात हाय, पोरांच्या न्हाय."

या एका वाक्यावर मी पुढं पन्नास वर्षं विचार करत आलोय. आपल्यापुरती मर्यादा घालून घेणं हा धर्म आहे. ती दुसऱ्याच्या उपाशी पोरावर घालणं हा धर्म नव्हे. जो स्वतः उपाशी राहून नेम पाळतो त्याच्यापुढं मी हात जोडतो. जो दुसऱ्याला उपाशी ठेवून नेम पाळायला लावतो त्याच्यापुढं नाही.

मग ती रात्र आली. तळावरच्या एकाची तीन लेकरं होती, धाकटं तापानं फणफणलेलं. खोईनीत त्या दोन दिवसांत फार काही आलं नव्हतं. त्यानं आणि आणखी दोघा-तिघांनी डोंगरातून रामेठ्याची साल आणली, ठेचली आणि रात्री डोहात कालवली. रामेठा हे सह्याद्रीतलं झुडूप. त्याच्या सालीनं मासे गुंगतात, उलटे होऊन वर येतात. सकाळी पाहिलं तर डोहावर पांढरी पोटंच पोटं. मोठे मासे होतेच, पण बोटाएवढे, नखाएवढेही होते. मरळीची तांबूस पिल्लं झुबक्यानं फिरतात आणि आई-बाप दोघं खालून राखण करतात. तो सगळा झुबका आणि त्याच्या शेजारी ती दोन मोठी मरळं.

त्या दिवशी तळावर सगळ्यांनी पोटभर खाल्लं. पण सगळं खाऊन संपणार नव्हतं. दुपारनंतर उरलेल्याला वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी ढीगभर मासे खड्ड्यात पुरावे लागले. त्याहून वाईट म्हणजे त्या पाण्याला गुरं तोंड लावीनात. ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब डोंगरात आलो, तेच पाणी गेलं. पुढं आठवडाभर गुरं कोसभर खालच्या डबक्यावर न्यावी लागली.

कातकरी बाबा सकाळी आला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. काठावर बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डोहातलं खायाचं व्हतं. डोह का खाल्ला?" कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "पाऊस पडला का तुमी जाल. तुमाला गाव हाय. आमी कुठं जावं?"

रामेठा त्यालाही ठाऊक होता. त्याची माणसंही वापरायची, पण कडेला आडवून घेतलेल्या डबक्यापुरता, मुख्य डोहात कधी नाही. ही रानातली माणसं काही देवमाणसं होती असं मला म्हणायचं नाही. त्यांना त्याच डोहावर पुढच्या वर्षीही जगायचं होतं, म्हणून त्यांना हिशोब कळत होता. आमचा दुष्काळ तीन वर्षांचा, त्यांचा दर वर्षीचा. आम्ही उपाशी होतो हे खरं, पण आम्ही एकटेच उपाशी नव्हतो. भुकेचा हक्क सांगताना माणूस हीच गोष्ट विसरतो, की शेजारीही भूक आहे आणि ती मुकी आहे.

आता ज्यानं साल कालवली त्याचं काय? त्याला पापी म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन पुढच्या वर्षीच्या माशांचा विचार करा, हे त्याला कोण सांगणार? आणि मुख्य म्हणजे त्या रात्री तळावर धान्य होतं. एका बिऱ्हाडाच्या पोत्यात पायली-दोन पायली ज्वारी होती, आणि ती कुणाच्या पोत्यात होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती ज्वारी बाहेर निघाली असती तर रामेठा डोहात गेला नसता. म्हणून मी म्हणतो, डोह मारणारा हात एकाचा असतो, पण त्यामागं झाकलेलं पोतं दुसऱ्याचं असतं. भुकेल्याला संयम शिकवायचा असेल तर आधी आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं ठेवावी, मग डोहाचं बोलावं. पोट भरलेल्यानं नुसतं बोलू नये.

आमच्या गावात एका कीर्तनात उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट ऐकली होती. छांदोग्य उपनिषदात ती आहे. कुरू देशात पीक बुडालं आणि हा विद्वान ब्राह्मण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात उपाशी राहिला होता. एक जण उकडलेलं कडधान्य खात होता, त्याच्याकडं यानं मागितलं. तो म्हणाला, माझ्याकडं हे उष्टंच आहे. उषस्तीनं ते घेतलं, खाल्लं. मग त्यानं पाणी पुढं केलं, तर उषस्ती नको म्हणाला, ते उष्टं आहे. हत्तीवाल्यानं विचारलं, मग हे धान्य उष्टं नव्हतं का? उषस्तीचं उत्तर असं, की ते खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला कुठंही मिळेल.

शिकलेली माणसं या गोष्टीचे वेगवेगळे अर्थ लावतात. उष्ट्या-खरकट्याची शिवाशिव मला मान्य नाही, पण त्यातला हिशोब मला फार आवडतो. गरजेनं नियम मोडला, पण जेवढी गरज होती तेवढाच मोडला. गरज संपली त्या घासावर नियम पुन्हा सुरू. आपण नेमकं उलटं करतो. एकदा कुंपण मोडलं की म्हणतो, आता मोडलंच आहे तर सगळंच रान खाऊ. भूक हे कुंपणाचं फाटक आहे. आत जावं, पोटापुरतं घ्यावं आणि येताना फाटक लावून घ्यावं.

शेतकऱ्याला हे बियाण्यावरून कळतं. त्या दुष्काळात कित्येक घरांत माणसं अर्धपोटी होती आणि आढ्याला बियाण्याची ज्वारीची कणसं टांगलेली होती. लेकरं त्याकडं बघायची. आया नजर चुकवायच्या. कारण ते खाल्लं तर आजची रात्र भागेल, पण पाऊस आल्यावर पेरायचं काय? काही घरांत बियाणंही खाल्लं गेलं. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, ठेवू नयेत. पण पाऊस पडल्यावर ज्यांनी बियाणं राखलं होतं त्यांनी शेजाऱ्याला मापटं-मापटं उसनं दिलं, म्हणून सगळ्यांच्या पेरण्या झाल्या. सगळ्यांनीच खाल्लं असतं तर उसनं द्यायला कोण उरलं असतं?

कुणी मला कोंडीत धरून विचारील, की बाबा, शेवटची दोन मरळं डोहात आहेत, लेकरू मरायला टेकलंय आणि आसपास कुठं धान्याचा दाणा नाही, तर काय करशील? मी मरळ धरीन. खोटं कशाला बोलू? पण धरल्यावर "मी बरोबर केलं" असं सांगत फिरणार नाही. ते कर्ज असेल. दुष्काळात घेतलेलं कर्ज माफ व्हावं असं आपण सरकारला म्हणतो, पण नदीकडं अर्ज करता येत नाही. तिचं फेडावंच लागतं.

आणि फेडता येतं, हेही मी पाहिलंय. 1973 ला पाऊस चांगला लागला. मिरगाच्या सरी पडल्या, नदीला तांबडं पाणी आलं, आम्ही गुरं घेऊन खाली निघालो. वाटेत एका उतारावर चढणीचे मासे दिसले. पोटात गाभोळी भरलेले मासे पाण्याच्या धारेला तोंड देत, कातळावरून उड्या मारत वर चाललेले. नुसत्या हातानं, लुगड्याच्या पदरानं गोळा करता आले असते. पोरं पळाली. माळकरी अण्णांनी काठी आडवी धरली. म्हणाले, "ह्यास्नी वर जाऊ द्या. वरचा डोह रिकामा हाय." पीठ आलेलं होतं, दोन दिवसांवर घर होतं. पोरं थांबली. हा खरा संयम. उपास पडत असताना केलेला नव्हे, फाटक लावून घ्यायची वेळ आली तेव्हा केलेला.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी नियम सुकाळातच घालून ठेवले आणि ते देवाच्या नावावर लावले. महाड तालुक्यात वाळण कोंड आहे. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराचं स्थान आहे. देहूला इंद्रायणीचा डोह आहे. या ठिकाणी महासीर जातीचे मोठे मासे देवाचे म्हणून राखले गेले. त्यांना कुणी मारत नाही, उलट खायला घालतात. शिकलेल्यांना ही अंधश्रद्धा वाटेल. मला ती आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं वाटतात. नदीतले बाकीचे डोह माणसांसाठी, एक डोह बियाण्यासाठी. भुकेच्या दिवसांत माणसाची बुद्धी चालत नाही, म्हणून पोट भरलेलं असतानाच त्यांनी ठरवून ठेवलं होतं, की एवढं सोडून.

आता ती भूक राहिलेली नाही. रेशन आहे, रोजगार हमीचा कायदा त्याच दुष्काळातून जन्मला, रस्ते झाले. आम्ही गुरं घेऊन जिथं उतरलो होतो त्या खोऱ्यात आता नीरा देवघर धरणाचं पाणी उभं आहे. पण डोह खाणं थांबलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून पोरं येतात, पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतात, नाही तर तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. कुठं विहिरीच्या कामाची जिलेटिन कांडी उडवतात. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारायला 1897 सालच्या कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे इंग्रजाच्या काळापासून. पण कायदा डोहाच्या काठावर बसून राखण करत नाही. या पोरांपैकी कुणाच्या मांडीवर तापलेलं लेकरू नसतं. चार मासे पार्टीला जातात, बाकीचे वाहून जातात.

म्हणून मला वाटतं, आपण भुकेला उगाच बदनाम करतो. भुकेनं मारलेले डोह थोडे, पोट भरलेल्यांनी मारलेले फार. भूक माणसाला चोर करील, लाचार करील, पण तिला निदान तळ असतो. पोट भरलं की ती थांबते. पोट भरल्यावर सुरू होणाऱ्या हावेला मात्र तळच नाही. एका माणसाला एका वेळी किती मासे लागतात? दोन, फार तर तीन. त्यापुढचा प्रत्येक मासा कुणाच्या पोटासाठी धरतोय, हे पाण्यात हात घालताना ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. उत्तर आलं नाही तर हात बाहेर काढावा.